टीव्हीवर चादर घालू नये

मी, ग्लाफिरा ड्रागोमिर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, ट्राम डेपोत मोटारींचे वाइंडिंग करून निवृत्त झालेली, राहणार बुखारेस्ट, बेर्चेनी वस्ती, इमारत सतरा, जिना ब, चौथा मजला, घर क्रमांक एकोणीस, हे माझे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि त्या वारी कोणत्या चॅनेलवर किती वाजता काय लागते तेही सांगायला घेतले. चौथ्या चॅनेलपाशी बाईंनी सही केली.

माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. असले तर ते मीच दुसऱ्यांवर आणणार आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायची घाई नव्हती आणि अजूनही नाही. पण गेल्या मंगळवारी आमच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली. गच्चीची दुरुस्ती होणार असून गच्चीवरील "गंजलेले व निरुपयोगी सामान" काढून टाकण्यात येईल. खाली सही पामफिल गव्हानेस्कू, अध्यक्ष, रहिवासी संघ. गच्चीवर सामान एकच आहे आणि ते माझे आहे. ते अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही एवढेही ज्याला माहीत नाही तो आमचा अध्यक्ष आहे. म्हणून कागद घेतला.

कलम १. घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे हे घर माझ्या मागे माझी भाची लाविनिया हिला मिळावे. लाविनिया ही माझी धाकटी बहीण सावेता नेदेल्कू हिची एकुलती मुलगी. घर विनाअट देणार होते, पण विनाअट मिळालेल्या वस्तूला लोक पायपुसण्यासारखे वागवतात, तेव्हा दोन अटी घालते. पहिली, स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळी सहाला लागतो तो लागत राहावा. आमच्या भिंती पातळ आहेत. खालच्या मजल्यावरची ऑर्तांसा त्या रेडिओच्या बातम्या संपल्या की औषध घेते. लाविनिया मला म्हणते, "मावशी, मी गाणी कानात घालून ऐकते. उगाच कुणाला त्रास नको." अगं, होऊ दे की थोडा त्रास. शेजाऱ्याला आपले गाणे ऐकू गेले तर तोही गुणगुणतो, आणि गुणगुणणारा माणूस जिन्यात भेटला तर कमी भांडतो. मी साठ वर्षे बघत आले आहे.

दुसरी अट पुढच्या कलमात.

कलम २. गच्ची. घराच्या मालकीबरोबर गच्चीचा अविभक्त हिस्सा येतो, असा कायदा आहे. जिना ब मध्ये घरे चाळीस. म्हणजे माझा हिस्सा चाळिसावा. मला आता शिडी चढता येत नाही, म्हणून लाविनियाला टेप देऊन वर पाठवले. माझा अँटेना माझ्या हिश्श्याच्या दहाव्या भागाइतकीही जागा अडवत नाही. बाकीच्या नऊ भागांवर अध्यक्षांनी खुशाल डांबर ओतावे.

हे मी पामफिलला लिफ्टमध्ये सांगितले. तो म्हणाला, "ग्लाफिराबाई, अविभक्त म्हणजे नेमका कुठला तुकडा तुमचा ते ठरत नसतं."

"नाही ना ठरत? मग मी ठरवते. अँटेनाखालचा."

"त्यात काही येत नाही हो. कावळे बसतात त्याच्यावर."

"कावळ्यांचा काही अर्ज आलाय का तुमच्याकडे?"

तो तिसऱ्या मजल्यावरच उतरला. राहतो सातव्यावर.

तर, वरील अँटेना, अकरा दांड्यांचा, मधला कणा तीन मीटर, तोंड दक्षिणेकडे, हा लाविनियाने काढू नये, काढू देऊ नये, आणि दुरुस्तीच्या नावाखाली कुणी हलवला तर तसाच परत दक्षिणेकडे तोंड करून बसवावा. त्यात आता काही येत नाही, हे खरे आहे. अकरा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या बल्गेरियाने प्रक्षेपणाची पद्धत बदलली, तेव्हापासून त्यात काहीही येत नाही. तरी तो तिथेच राहील. माझा एक पाय त्यात गेला आहे. मी त्याची किंमत भरलेली आहे.

लाविनियाचा जन्म नंतरचा, म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवते. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासच्या त्या वर्षांत आपला टीव्ही दिवसाला दोन तास चाले. त्यातला दीड तास मोठे साहेब, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, कारखाना बघताना दिसत आणि उरलेल्या अर्ध्या तासात त्या कारखान्याबद्दलची गाणी असत. घरात ऊब नव्हती, दुकानात मांस नव्हते, कॉफी म्हणून जे मिळे ते भाजलेले चणे आणि जव यांचे पीठ होते. हे सगळे मी सोसले. पण संध्याकाळी कामावरून यावे, पाय वर घ्यावेत आणि बघायला, ऐकायला काही नसावे, हे मला सोसवेना. साठ किलोमीटरवर डॅन्यूब नदी, आणि पलीकडे बल्गेरियाचा टीव्ही दिवसभर चालत होता. सिनेमे होते, मालिका होत्या, फुटबॉल होता, वाद्यवृंद होते. हवेतून ते आपल्या डोक्यावरूनच जात होते. फक्त पकडायचे बाकी होते.

पडद्यांचे दोन रॉड, एक मोडकी घडीची खाट आणि डेपोतल्या एकाच्या स्कीच्या काठ्या एवढ्यातून मी तो अँटेना बनवला. ऑक्टोबर चौऱ्याऐंशी.

कलम ३. पाय. हे कलम फक्त नोंदीसाठी आहे, यात कुणाला काही मिळत नाही.

गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीला शिडी लावून मी वर होते आणि सावेता खाली शिडी धरून होती. दहा दांडे लागले. अकराव्याला मी शिडीवरून पडले आणि डाव्या पायाचा घोटा असा चुरला की तो पुन्हा पायासारखा झाला नाही. वस्तीत म्हणू लागले, टीव्हीपायी पाय घालवला बाईने. म्हणू देत. पण सावेता काही म्हणाली नाही. तिने मनाशी धरले की शिडी तिच्या हातून सुटली. त्यानंतर तिने माझी काठी, माझी अंघोळ, चार मजले वर, चार मजले खाली, सगळे अंगावर घेतले. लिफ्ट वीज वाचवायला बंद असे. एकोणतिसाव्या वर्षी ती म्हातारी झाल्यासारखी वागू लागली.

म्हणून आज शपथेवर लिहिते. शिडी तिच्या हातून सुटली नाही. मी वरून ओरडले, "सावेता, पक्कड दे." पक्कड द्यायची म्हणजे शिडी सोडून वाकावे लागणार, हे मला वरून दिसत होते. तिला नव्हे, मला दिसत होते. मला अकरावा दांडा लावायची घाई झाली होती. तेव्हा तिला मी हे सांगितले होते. पण दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलेले कोण खरे मानते? समजूत घालते आहे असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असताना ती एकटी वर गेली आणि अकरावा दांडा तिने लावला. रडत लावला असावा, कारण तो आजही थोडा तिरका आहे. त्याला कुणी सरळ करू नये.

कलम ४. एक खुर्ची. बैठकीच्या खोलीत हिरव्या रेक्झिनची, लोखंडी पायांची एक खुर्ची आहे. ती माझी नाही. ती पामफिल गव्हानेस्कू यांची आहे. शहाऐंशीच्या जूनमध्ये एका सोमवारी त्यांनी अँटेनामुळे इमारतीची शोभा जाते असा अर्ज दिला. त्याच आठवड्यात वर्ल्ड कप होता आणि आपला टीव्ही तो दाखवणार नव्हता. बुधवारी दारावर टकटक झाली. दारात पामफिल, हातात हिरवी खुर्ची.

"फक्त दुसरा हाफ बघतो," तो म्हणाला.

पूर्ण स्पर्धा बघितली त्याने. अर्ज मागे घेतला नाही आणि खुर्चीही मागे नेली नाही, कारण वर्ल्ड कपनंतर मालिका होती. अडतीस वर्षे मी ती खुर्ची पुसते आहे. ती त्यांना परत करावी, मात्र गच्चीवर, अँटेनाखाली नेऊन ठेवावी, आणि नेण्यासाठी त्यांनी स्वतः यावे.

कलम ५. वह्या. मालिकांच्या गोष्टी मी ज्यांत उतरवून ठेवल्या त्या चौदा वह्या ऑर्तांसाला. तिला वाचायला वेळ आहे आणि चुका काढायची हौस आहे. चुका कुठे आहेत ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिने फार मिरवू नये.

माझ्या खोलीत शनिवारी दुपारी कधी बारा तर कधी सोळा माणसे बसत. आपापली खुर्ची आणि आपापला कोट घेऊन येत, कारण रेडिएटर थंडगार असे. कुणी सूर्यफुलाच्या बिया आणी, कुणी पीठ मिळालेले असेल तर गोड भजी तळून आणी. चित्र चांगले येई. भाषा मात्र कुणालाच येत नव्हती. मग घर माझे, अँटेना माझा, पाय माझा, म्हणून सांगायचे काम माझ्याकडे आले. मी चेहरे बघायची, आवाजाचा चढउतार ऐकायची आणि बेधडक सांगायची. एकच गोष्ट जमेना. बल्गेरियात बाप मुलीच्या लग्नाला मान डोलावून होकार देई, आणि नवरामुलगा रडत घरी जाई. डॉक्टर रोगी वाचेल म्हणून मान डोलावी, आणि पुढच्या भागात त्याची अंत्ययात्रा निघे.

"कसली गं ही माणसं," ऑर्तांसा म्हणायची. "सगळ्याला हो म्हणतात आणि कशातच सुखी नाहीत."

मग एका गुरुवारी मी काठी टेकत, सावेताच्या खांद्याला धरून भाजीबाजारात गेले. आपल्या शहराच्या दक्षिणेला भाजीमळेवाल्या बल्गेरियनांची जुनी गावे आहेत. त्यांतली राडामावशी तिथे बसायची. मी विचारले, वांगी आहेत का? तिने मान डोलावली. मी पिशवी पुढे केली. तिने पुन्हा मान डोलावली, जरा जोरात. मी पिशवी आणखी पुढे केली.

"बाई, नाहीत म्हणून किती वेळा सांगू? मान मोडायची माझी."

त्यांच्यात मान वरखाली म्हणजे नाही, आणि डावीउजवीकडे म्हणजे हो. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि खाटेवर बसून आठ महिन्यांच्या मालिका आठवल्या. मी अख्ख्या जिन्याला उलटे सांगत आले होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितले नाही. इज्जतीचा प्रश्न होता. पुढच्या शनिवारपासून गुपचूप बरोबर सांगू लागले. ऑर्तांसा एवढेच म्हणाली की हल्ली बल्गेरियात लोक फार नाही म्हणायला लागलेत, तिथेही दिवस वाईट आलेले दिसतात.

तर, ऑर्तांसा, वही एक ते तीनमधल्या सगळ्या होकारांना नकार समज. मी माफी मागत नाही. माझ्या मालिका मूळ मालिकांपेक्षा बऱ्या होत्या.

त्यानंतर दर गुरुवारी मी राडामावशीकडे शब्द शिकायला जाऊ लागले. पुढच्या अकरा वह्या त्यातूनच भरल्या.

कलम ६. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी करावा. उरले तर अँटेनाचे नटबोल्ट बदलावेत.

कलम ७. हत्यारे. सोल्डरिंग गन, मीटर, हॅक्सॉ, वाइंडिंगचे हातयंत्र लाविनियाला. पक्कड मात्र सावेताला. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम ८. अंत्यविधी. मी मेल्यावर माझे शव रिवाजाप्रमाणे तीन दिवस घरात राहील. रिवाजाप्रमाणे आरशावर चादर घालतात. आरशाला खुशाल घाला, माझे त्याच्याशी कधी फारसे जमले नाही. हल्ली टीव्हीवरही घालतात. टीव्हीवर चादर घालू नये. टीव्ही चालू ठेवावा. आवाज पाद्री आल्यावर कमी करावा, बंद करू नये. मी हे पाद्रींना समक्ष सांगितले. ते म्हणाले, "ग्लाफिरा, मृत्यूच्या घरी शांतता हवी."

"शांतता आम्ही पाच वर्षे पाहिली आहे, दोन तास सोडून. मला परत नको."

"लोक काय म्हणतील?"

"लोक बसतील आणि बघतील. तुम्हीही बसा. तीन दिवसांत फुटबॉल असेलच कुठलातरी."

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. त्यांनी नाही म्हटले तर शेजारच्या चर्चमधल्या पाद्रींना बोलवावे, ते तरुण आहेत.

कलम ९. सावेतास. हे कलम लिहायचे म्हणूनच बाकीची लिहिली.

राडामावशीला एक मुलगा होता, स्तोयान. तो इथल्या शाळेत शिकलेला, आपल्यासारखी मान हलवणारा, मोठ्या हातांचा आणि कमी बोलणारा. मी आईकडून शब्द घेई तोवर तो सावेताची पिशवी भरे. अडीच वर्षे पिशवी भरली त्याने. मी पांगळी होते, आंधळी नव्हते. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये त्याने तिला लग्नाचे विचारले आणि रविवारी उत्तर घ्यायला येतो म्हणाला.

सावेताने मला ते भांडी घासताना सांगितले, माझ्याकडे पाठ करून.

"नाही म्हणून सांगणार आहे मी त्याला."

"का? आवडत नाही?"

"तुला चार मजले कोण चढवणार?"

"मी उतरणारच नाही. टीव्ही आहे."

"ताई, चेष्टा नको. शिडी मी धरली होती."

मी तिला पुन्हा पकडीचे सांगितले. पुन्हा तिला ती समजूत वाटली. तेहतीस वर्षांची बाई, चांगला माणूस दारात उभा, आणि ती माझ्या घोट्याची शिक्षा भोगत बसणार. मला राग आला होता. आजही येतो.

त्या शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. मालिकेतली क्रेमेना तंबाखूच्या गोदामात वजनकाटा सांभाळायची, आणि रेल्वेचा एक सिग्नल तपासनीस तिच्यावर जीव टाकायचा. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला भाऊ होता. आम्ही दहा शनिवार ते बघत होतो. खोलीत सोळा माणसे, सगळी कोटात. सावेता नेहमीप्रमाणे रेडिएटरजवळच्या खुर्चीवर. ती जागा वाईट आहे, तिथून पडदा अर्धाच दिसतो. मी तिला किती वेळा म्हटले, पुढे सरक, पण तिने ती जागा सोडली नाही.

स्टेशन. गाडी सुटायला आलेली. तो डब्याच्या दारातून विचारतो, येशील ना? क्रेमेना काही बोलत नाही. ती त्याच्याकडे बघते आणि मान डोलावते. वरखाली, सावकाश, दोनदा. गाडी निघते. रूळ दिसतात. समाप्त.

सोळा माणसे माझ्याकडे वळली.

क्रेमेना नाही म्हणाली होती. त्या खोलीत हे कळणारी मी एकटी होते.

"हो म्हणाली," मी सांगितले.

"मग गाडीत का नाही बसली?" ऑर्तांसाने विचारले.

"सामान घेऊन येईल मागाहून. अंगावरच्या कपड्यांनी कोण जातं?"

"राजीनामाही द्यावा लागेल," पामफिल म्हणाला. "सरकारी गोदाम आहे. महिन्याची नोटीस."

"आणि भाऊ?" कुणीतरी म्हणाले.

"भाऊ बघेल आपलं आपण," मी म्हणाले. "त्याला काय हात नाहीत?"

रविवारी स्तोयान आला आणि सावेता त्याला हो म्हणाली.

मी खोटे बोलले, सावेता. जाणूनबुजून, सोळा साक्षीदारांसमोर. हा कबुलीजबाब आहे, पश्चात्ताप नाही. तू गेल्यावर मी दोन वर्षे जिना बसून उतरले, एकेक पायरी, आणि एकदाही पस्तावले नाही. पण त्यानंतर तुझे काय झाले ते मी इथे बसून बघत आले. मळ्यात तुझे हात फुटले. पंच्याण्णवच्या बर्फात काचघर कोसळले आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्तोयान जाण्याआधी दोन वर्षे आजारी होता, आणि तू पुन्हा एकदा कुणाला तरी जिना चढवत होतीस. तेव्हा मला वाटले, हे मी केले. एका शब्दाने.

लग्नानंतर तू अकरा वर्षे राडामावशीच्या घरात राहिलीस. त्या घरात पहिल्याच आठवड्यात तुला कळले असणार की बल्गेरियन बाईची मान कशी हलते, आणि मग क्रेमेनाचे उत्तरही कळले असणार. तू मला कधीच काही बोलली नाहीस. दर गुरुवारी भाजी घेऊन येतेस, बसतेस, जातेस. मीही विचारले नाही. तुझे आयुष्य मी फसवून वळवले आणि ते बरे वळले की वाईट, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आयुष्यभर कुणाला न घाबरलेली मी या एका गोष्टीला घाबरले. म्हणून हे मी मेल्यावर वाच. उत्तर द्यायचे तर अँटेनाला दे.

तुला मी पक्कड आणि हे सत्य देत आहे. दुसरे तुला काही नको असते.

कलम १०. चाळिसाव्या दिवसाचे जेवण माझ्या घरीच व्हावे. शिजवलेल्या गव्हाच्या गोडावर अक्रोड भरपूर असावेत, ऑर्तांसाकडून करून घेऊ नये, ती हात आखडते. जेवणानंतर त्या मालिकेचा शेवटचा भाग लावावा. लाविनियाने तो गेल्या वर्षी इंटरनेटवर शोधून काढला आहे. जे हयात असतील त्यांनी आपापली खुर्ची घेऊन यावे. या वेळी कुणीही भाषांतर करू नये.

कायद्याला माझ्या हातचे लिखाण, तारीख आणि सही एवढे पुरते. साक्षीदार कायद्याला लागत नाहीत, मला लागतात. गुरुवारी पाच वाजता ऑर्तांसा आणि पामफिल यांना बोलावले आहे. पामफिलला मुद्दाम, म्हणजे कलम दोन वाचले नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही.

बुखारेस्ट, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४.
ग्लाफिरा ड्रागोमिर

पुरवणी. गुरुवार, १४ नोव्हेंबर.

साक्षीदार पाचला यायचे होते. सावेता तीनलाच आली, भोपळा आणि गाजरे घेऊन. मी चहा टाकायला उठले आणि कागद टेबलावर राहिला. वळले तेव्हा ती शेवटच्या पानावर होती. मी मेल्यावर वाच असे स्पष्ट लिहिलेले असताना तिने ते जिवंतपणी वाचले. याची नोंद घ्यावी.

मी कागद ओढून घेणार होते. घेतला नाही. म्हटले, होऊन जाऊ दे.

तिने चष्मा काढला आणि पुसला. एवढा वेळ पुसला की चहा उतू गेला.

"पहिल्या आठवड्यात नाही कळलं मला," ती म्हणाली.

"मग कधी?"

"अडीच वर्षं मी त्या ठेल्यापाशी उभी होते, ताई. तू वहीत डोकं घालून असायचीस. मी सासूबाईंकडेच बघत असायचे, मान कशी हलते ती. स्तोयाननेच सांगून ठेवलं होतं, आईने मान डोलावली तर खूष होऊ नकोस म्हणून."

"म्हणजे त्या शनिवारी तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"क्रेमेना नाही म्हणाली ते?"

"ते बघितलंच नाही मी नीट. त्या खुर्चीवरून अर्धाच पडदा दिसतो." तिने गाजरे पिशवीतून काढून टेबलावर ओळीने ठेवली. "तिथून तू दिसायचीस. टीव्हीत काय चाललंय ते तुझ्या तोंडावर बघायचे मी. लहानपणापासून तसंच करते. त्या दिवशी तुझा चेहरा पडला, तेव्हा कळलं की ती नाही म्हणाली. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि हो म्हणालीस."

मी फडके घेऊन उतू गेलेला चहा पुसायला लागले.

"मी क्रेमेनाचं उत्तर ऐकायला बसले नव्हते," ती म्हणाली. "तुझं ऐकायला बसले होते. तू नाही म्हणाली असतीस तर मी राहिले असते, आणि जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडली असती."

"आणि बर्फ? काचघर? स्तोयानचं आजारपण?"

"ते माझं होतं. तुझं काय त्यात? सगळं तू केलंस असं वाटून घ्यायची तुला सवयच आहे." मग ती म्हणाली, "चांगलं झालं, ताई. मी सुखी होते. एवढं लिही तुझ्या त्या कागदावर."

तिने सांगितले म्हणून लिहिले आहे.

पाचला ऑर्तांसा आली, पामफिलही आला. पामफिलने कलम दोन उभ्याने वाचले, कलम चार बसून वाचले. हिरव्या खुर्चीवरच बसला. नोटिशीतला "गंजलेले" हा शब्द चुकीचा असल्याचे त्याने मान्य केले. "निरुपयोगी" बद्दल संघाच्या बैठकीत चर्चा होईल म्हणाला. बैठकीला मी जाणार आहे. लिफ्ट चालू असो वा नसो.

कलमे एक ते दहा कायम. कलम दहामध्ये एवढी भर घालते. चाळिसाव्या दिवशी सगळ्यांनी खुर्च्या हव्या तशा मांडाव्यात. माझी खुर्ची टीव्हीसमोर, नेहमीच्या जागी, रिकामी ठेवावी. सावेताची रेडिएटरजवळ, होती तिथेच ठेवावी. तिला कुणी पुढे सरक म्हणू नये.

ग्लाफिरा ड्रागोमिर

साक्षीदार:
१. ऑर्तांसा वेलिशार, तिसरा मजला. (गव्हाच्या गोडात मी हात आखडत नाही.)
२. पामफिल गव्हानेस्कू, सातवा मजला. (वाचले. सहमती नव्हे.)
३. सावेता नेदेल्कू. (वाचले. पक्कड आजच नेते आहे.)